मोठा दिवा आई की बाबा? – कॉम्प्युटरवरच्या पहिल्या छोट्या फिल्म आणि आपण मुलांना विचारतो ते प्रश्न



आज नेहमीसारखा पाठ्यपुस्तकातला पाठ घेऊन आलेले नाही. आज बोलायचं आहे ते कॉम्प्युटरवर तयार झालेल्या अगदी सुरुवातीच्या छोट्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्मबद्दल. कुणी म्हणेल, बाई, इथे अभ्यासक्रम पुरा होईना आणि तुम्ही कार्टून घेऊन बसलात! पण थोडं थांबा. मुलाने काहीतरी करून आणलं की आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो, ह्याच्याशी ह्या फिल्मचा फार जवळचा संबंध आहे. निदान मला तरी तो ह्या फिल्ममुळेच कळला, आणि तोही चूक करून झाल्यावर.

आधी माझी चूक

मागच्या वर्षी सातवीला कार्यानुभवाच्या तासाला मी एक काम दिलं होतं. "हलणारं चित्र करून आणा. कसंही करा, कशावरही करा." आठ दिवसांनी कामं जमा झाली. एका मुलीने टॅबलेटवर एक अ‍ॅप वापरून केलेलं अ‍ॅनिमेशन आणलं. रंगीत बाग, उडणारी फुलपाखरं, मागे संगीत. वर्ग बघतच राहिला. मी विचारलं, "कोणतं अ‍ॅप वापरलंस गं?" तिने नाव सांगितलं. मी शाब्बास म्हटलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

एका मुलाने जुनी दोनशे पानी वही आणली होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटं चित्र. अंगठ्याने भराभर पानं सोडली की चित्र हलायचं. एक पेन्सिल रेघ ओढत पुढे पळते आहे आणि तिच्या मागे एक खोडरबर रेघ पुसत पळतंय. पुसता पुसता खोडरबर लहान होत जातं आणि शेवटच्या पानावर नुसता एक ठिपका उरतो. मी ती वही दोनदा चाळली आणि म्हटलं, "अरे, वहीची पानं अशी का खराब केलीस? वेगळा कागद नव्हता का?" आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत मी लिहिलं, "नीटनेटकेपणा वाढवणे आवश्यक."

ही नोंद आजही माझ्या रजिस्टरमध्ये आहे. खोडली नाही, कारण ती मला आठवण म्हणून हवी आहे. आता फिल्मकडे वळू या.

सुरुवात कार्टूनने झाली नाही

आपल्याला वाटतं की कॉम्प्युटरवरचं अ‍ॅनिमेशन म्हणजे कुणीतरी कार्टून कॉम्प्युटरवर काढायला घेतलं असेल. तसं झालेलं नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एडवर्ड झेजॅक नावाचे शास्त्रज्ञ उपग्रहाच्या हालचालीचा अभ्यास करत होते. उपग्रह पृथ्वीभोवती फिरताना त्याची एकच बाजू सतत पृथ्वीकडे राहील का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आकड्यांत मिळत होतं. पण आकड्यांच्या ढिगातून हालचाल डोळ्यांसमोर येत नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरकडून एकेक चित्र काढून घेतलं आणि त्यांची फिल्म केली. पृथ्वीचा गोल आणि त्याच्याभोवती गोते खात फिरणारा एक खोका. बस, एवढंच. नुसत्या रेघा. पण कॉम्प्युटरने केलेल्या पहिल्यावहिल्या फिल्ममध्ये तिची गणना होते.

गणित शिकवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. "आकडे दिसत नाहीत, मला ते बघायचे आहेत," ह्या गरजेतून हे सगळं सुरू झालं. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात की ज्यांना उदाहरण समजत नाही, पण आकृती काढली की चेहरा उजळतो. ती मुलं मागे आहेत असं समजू नका. झेजॅकसाहेबांनाही तेच हवं होतं!

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाकडून एक कलाकार ह्या यंत्रांकडे येत होता. जॉन व्हिटनी त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफेचा नेम धरण्यासाठी जी यंत्रं वापरली जायची, त्यातलं एक यंत्र त्यांनी युद्धानंतर मिळवलं आणि त्यात फेरफार करून त्यावर फिरती नक्षी तयार केली. १९६१ ची त्यांची 'कॅटलॉग' ही फिल्म म्हणजे अशा नक्षीकामाचे नमुने एकापाठोपाठ एक. नेम धरायच्या यंत्राने फुलं फुलवली म्हणा ना. पुढे ते खऱ्या डिजिटल कॉम्प्युटरकडे वळले.

कागदावर चाललेली मांजर

आता १९६८ सालच्या मॉस्कोत चला. निकोलाय कॉन्स्टान्टिनोव्ह नावाच्या गणितज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मांजर चालवली. कशी? मांजर चालताना तिचं शरीर कसं हलतं ह्याची त्यांनी समीकरणं मांडली. बेस्म-४ नावाचा कॉम्प्युटर ती समीकरणं सोडवायचा आणि प्रत्येक क्षणाचं चित्र कागदावर अक्षरं-चिन्हं छापून काढायचा. आपण लहानपणी टाइपरायटरवर फुल्या-फुल्यांचा गणपती काढलेला बघितला असेल, तसंच. मग त्या कागदांचे एकेक फोटो घेऊन फिल्म केली. फिल्मचं नाव 'कोशेच्का', म्हणजे मनीमाऊ.

ही फिल्म मी मुलांना दाखवली तेव्हा आधी हशा पिकला. "बाई, हे काय, नुसते ठिपके!" पण पाच-सहा सेकंदांत वर्ग शांत झाला, कारण ती मांजर खरंच मांजरीसारखी चालते. पंजा टाकताना खांदा कसा वर येतो, ते मुलांना लगेच ओळखू आलं. ठिपके कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

शिक्षक म्हणून मला ह्यातली एक गोष्ट फार आवडते. हेच कॉन्स्टान्टिनोव्ह पुढे रशियातले नावाजलेले गणितशिक्षक झाले. शाळकरी मुलांसाठी गणिताची मंडळं चालवणं, गणिताच्या खास वर्गांची बांधणी करणं आणि 'टुर्नामेंट ऑफ टाउन्स' ही शहराशहरांतल्या मुलांची गणित स्पर्धा उभी करणं, ह्यात त्यांनी आयुष्य घातलं. समीकरणातून मांजर काढणारा माणूस मुलांमध्ये जाऊन बसला, ह्यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

मधली चित्रं कोण काढणार?

हाताने अ‍ॅनिमेशन करायचं तर एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. मुख्य कलाकार महत्त्वाची चित्रं काढतो. म्हणजे हात खाली आहे ते एक चित्र, हात वर गेला ते दुसरं. त्यांच्या मधली सगळी चित्रं मदतनीस काढत बसतात. फार कष्टाचं आणि कंटाळवाणं काम.

कॅनडामध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन ह्या दोघांनी हे मधलं काम कॉम्प्युटरकडे सोपवायची युक्ती काढली. कलाकाराने पहिलं आणि शेवटचं चित्र द्यायचं, मधली चित्रं कॉम्प्युटर भरणार. ही पद्धत वापरून पीटर फोल्डेस ह्या कलाकाराने नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडासाठी १९७४ साली 'हंगर', म्हणजे 'भूक', ही फिल्म केली. एक माणूस खात सुटतो, फुगत जातो, आणि शेवटी भुकेलेल्यांची गर्दी त्यालाच खाऊन टाकते. ऑस्करसाठी तिला नामांकन मिळालं आणि कान महोत्सवात ज्युरी पारितोषिकही मिळालं.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॉम्प्युटरने मधली चित्रं भरली की एक आकार दुसऱ्यात वितळल्यासारखा दिसतो. दुसऱ्या कुणाला हा दोष वाटला असता. फोल्डेस ह्यांनी विषयच असा निवडला की ते वितळणं गोष्टीचा भाग झालं. खाणाऱ्या माणसाचं शरीर वितळतं, फुगतं, बदलतं. हातात जे साधन आहे त्याला शोभेल अशी गोष्ट शोधायची, हे कलाकाराचं काम.

(पालकांना एक सूचना. 'भूक' लहान मुलांसाठी नाही, शेवट भयानक आहे. आधी स्वतः बघा.)

ज्याला चित्र जमत नव्हतं त्याचा हात

आता दहावीच्या पालकांनी खास लक्ष द्यावं असा भाग.

अमेरिकेत एड कॅटमल नावाचा एक मुलगा होता. त्याला डिस्नेमध्ये अ‍ॅनिमेटर व्हायचं होतं. पण आपलं चित्रकलेचं अंग तेवढं चांगलं नाही असं त्याला वाटलं आणि तो भौतिकशास्त्र आणि कॉम्प्युटरकडे वळला. आपल्याकडे इथे गोष्ट संपते. "चित्रकला जमत नाही ना, मग सायन्स घे. आणि सायन्स घेतलंस ना, मग आता ते चित्रांचं खूळ सोड."

कॅटमलने ते खूळ सोडलं नाही. १९७२ साली युटा विद्यापीठात शिकत असताना त्याने स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतला. साच्याआधी हाताला व्हॅसलिन लावायचं राहून गेलं, त्यामुळे साचा काढताना हातावरचे केस उपटून निघाले! मग त्या हाताच्या प्रतिकृतीवर शाईने सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुकोन आखले, एकेक बिंदू मोजून कॉम्प्युटरला दिला, आणि पडद्यावर तो हात उघडझाप करू लागला. कॅमेरा त्या हाताच्या आत शिरतो आणि आतून बोटं कशी दिसतात तेही दिसतं. त्याचा सहकारी फ्रेड पार्क ह्याने स्वतःच्या पत्नीचा चेहरा ह्याच पद्धतीने हलवला. 'अ कॉम्प्युटर अ‍ॅनिमेटेड हँड' ही छोटीशी फिल्म २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडली गेली. कॅटमल पुढे पिक्सार ह्या कंपनीचे संस्थापक झाले आणि २०१९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना पॅट हॅनरहान ह्यांच्यासोबत मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार आहे.

"सगळी मुलं कॅटमल होणार आहेत का?" असं कुणी विचारेल. नाही होणार. माझं म्हणणं एवढंच आहे की दहावीनंतर फॉर्मवर एका रकान्यात टिक करायची असते म्हणून मुलाचे दोन तुकडे करू नका. शाखा एक निवडू दे, आवड दुसरी राहू दे.

अपुरी राहिलेली फिल्म

१९८० च्या सिग्राफ परिषदेत लॉरेन कार्पेंटर ह्यांनी 'व्हॉल लिब्र' ही दोन मिनिटांची फिल्म दाखवली. सिग्राफ म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांची दरवर्षीची मोठी जत्राच समजा. एक त्रिकोण घ्यायचा, त्याचे लहान त्रिकोण करायचे, प्रत्येक वेळी थोडा वेडावाकडेपणा घालायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करत राहायचं. असं करत खडकाळ डोंगररांगा उभ्या राहिल्या. एकेका चित्राला कॉम्प्युटर २० ते ४० मिनिटं घ्यायचा. प्रेक्षक वेडे झाले. कार्पेंटर ह्यांना लुकासफिल्ममध्ये नोकरी मिळाली, जिथे कॅटमल आधीच होते.

ह्याच चमूने १९८४ साली 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.' ही फिल्म केली. दोन मिनिटंही नाहीत. जंगलात झोपलेला एक मुलगा आणि त्याच्या मागे लागणारी मधमाशी. अ‍ॅनिमेशन जॉन लॅसेटर ह्यांचं. हे डिस्नेत शिकलेले, हाताने चित्रं काढणारे कलाकार. म्हणजे आता गणितवाले आणि चित्रवाले एका टेबलाशी बसले होते.

गंमत काय झाली, सिग्राफची तारीख आली तरी फिल्म पूर्ण झाली नव्हती. काही तुकड्यांत रंगच भरले गेले नव्हते, पात्रं नुसत्या तारांच्या सांगाड्यासारखी दिसत होती. तशीच दाखवावी लागली. कॅटमल ह्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की ते तुकडे पडद्यावर आले तेव्हा ते शरमून गेले होते. पण नंतर ज्यांच्याशी ते बोलले त्यातल्या बहुतेकांना रंग गेल्याचं जाणवलंच नव्हतं! लोक गोष्टीत गुंतले होते.

हे वाचताना मला माझी "नीटनेटकेपणा" वाली नोंद आठवली.

दोन दिवे आणि एक प्रश्न

आता मुख्य गोष्ट. १९८६ साली लुकासफिल्ममधून हा चमू बाहेर पडून पिक्सार ही स्वतंत्र कंपनी झाली. तेव्हा ती सिनेमाची कंपनी नव्हती, कॉम्प्युटर विकत होती. आपल्या यंत्रावर काय होऊ शकतं ते दाखवायला सिग्राफसाठी एक छोटी फिल्म करायचं ठरलं.

लॅसेटर ह्यांनी टेबलावरचा दिवाच मॉडेल म्हणून घेतला. सहकाऱ्याचं लहान बाळ ऑफिसात आलं होतं, त्याला बघून त्यांच्या मनात आलं की ह्या दिव्याचं बाळ कसं दिसेल? बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, हातपाय छोटे. तसाच छोटा दिवा झाला. त्याआधी ब्रुसेल्सच्या महोत्सवात त्यांनी ह्या कामाचा तुकडा दाखवला होता, तेव्हा बेल्जियमचे ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर राउल सर्व्हे ह्यांनी त्यांना गोष्ट काय आहे ते विचारलं. एवढ्याशा वेळात गोष्ट कशी बसणार, असं लॅसेटर ह्यांना वाटत होतं. सर्व्हे ह्यांचं म्हणणं होतं की दहा सेकंदांतही गोष्ट सांगता येते. कितीही लहान असली तरी तिला सुरुवात, मध्य आणि शेवट हवा.

अशी झाली 'लक्सो ज्युनियर'. एक मोठा दिवा, एक छोटा दिवा, एक चेंडू. छोटा चेंडूशी खेळतो, त्यावर उड्या मारतो, चेंडू फुटतो. छोटा मान खाली घालून निघून जातो आणि थोड्या वेळाने आणखी मोठा चेंडू घेऊन येतो! कॅमेरा जागचा हलत नाही. दिव्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, संवाद नाहीत. नुसती मान आणि उड्या. पण घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटतं.

डॅलसच्या सिग्राफमध्ये फिल्म संपायच्या आतच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर जिम ब्लिन लॅसेटर ह्यांच्याकडे आले. ब्लिन म्हणजे ह्या क्षेत्रातलं फार मोठं नाव. व्हॉयेजर यानाच्या प्रवासाची अ‍ॅनिमेशन त्यांनी केली होती. ते प्रश्न विचारणार म्हटल्यावर लॅसेटर घाबरले. ह्या फिल्ममधल्या सावल्या नवीन पद्धतीने केल्या होत्या, दिवे हलतात तशा सावल्या हलतात. आता हे सावल्यांचं गणित विचारणार, आणि मला तर ते सांगता येणार नाही!

ब्लिन ह्यांनी विचारलं, "जॉन, तो मोठा दिवा आई होता की बाबा?"

मित्रहो, सावल्यांचं गणित जगात ज्या मोजक्या माणसांना कळत होतं, त्यातला एक माणूस हा प्रश्न विचारतो. लॅसेटर ह्यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. त्या क्षणी त्यांना कळलं की फिल्म जमली. पुढे 'लक्सो ज्युनियर'ला ऑस्करचं नामांकन मिळालं. कॉम्प्युटरवरच्या त्रिमितीय फिल्मला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. १९८८ च्या 'टिन टॉय'ने तर ऑस्कर जिंकलं, आणि त्या टिनाच्या खेळण्याच्या कल्पनेतूनच १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

मग तंत्राला किंमत नाही का?

इथे एक शंका येईल. "म्हणजे बाई, गोष्ट चांगली असली की झालं, काम कसंही केलं तरी चालेल, असंच ना?"

नाही, अजिबात नाही. मांजरीची समीकरणं चुकली असती तर मांजर चाललीच नसती. कॅटमलने एकेक बिंदू मोजला नसता तर हात उघडला नसता. आणि 'टिन टॉय'मधलं बाळ बघा. खेळणं अप्रतिम हलतं, पण बाळाकडे बघून मुलं दचकतात. माझ्या वर्गात एकजण म्हणाला, "बाई, हे बाळ आहे का भूत?" त्या वेळच्या तंत्राला माणसाची मऊ त्वचा, चेहऱ्याच्या बारीक हालचाली झेपत नव्हत्या. दिवा, खेळणं असे कडक आणि गुळगुळीत पृष्ठभाग झेपत होते. म्हणूनच त्या काळातल्या ज्या फिल्म आजही ताज्या वाटतात, त्यांत बहुतेक वस्तूच नायक आहेत. तंत्र कमी पडलं की ते दिसतंच. मेहनतीला, अचूकपणाला किंमत आहे आणि ती राहणार.

माझा आक्षेप वेगळा आहे. आपण तंत्राबद्दलही विचारत नाही. आपण विचारतो साधनाबद्दल. "कोणतं अ‍ॅप?" "कुठून प्रिंट काढलीस?" "थर्माकोल केवढ्याचा?" प्रोजेक्टची तयार पानं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, ती कापून चिकटवली की वही सुंदर दिसते. अर्ध्या वर्गाचे प्रोजेक्ट आई-बाबा रात्री बारापर्यंत जागून करतात, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण गुण त्यालाच देतो. आता तर एक ओळ टाइप केली की चित्र आणि व्हिडिओ तयार होऊन मिळतो. चकचकीतपणा फुकट मिळायला लागला आहे. मग चकचकीतपणाला गुण देऊन आपण नेमकं काय मोजतो आहोत? घरातला मोबाईल आणि खिशातले पैसे. ज्या मुलाकडे फक्त जुनी वही आहे, त्याला आपण न बोलता सांगतो आहोत की तुझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

पुन्हा त्या वहीकडे

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं वाचलं, पाहिलं. शाळा उघडल्यावर मी त्या मुलाला ती वही परत आणायला सांगितली. नशिबाने त्याने रद्दीत दिली नव्हती. मी विचारलं, "खोडरबर पेन्सिलीच्या मागे का पळत होतं रे?"

तो आधी गप्प. बहुतेक परत ओरडा बसणार असं वाटलं असेल. मग म्हणाला, "बाई, ते तिला पुसायला पळत नाहीये. त्याला तिच्यासोबत खेळायचंय. पण ते जवळ गेलं की पुसलंच जातं."

मी काय बोलणार? सातवीतल्या मुलाने शंभर कागदांत ही गोष्ट बसवली होती आणि मी पानं खराब केली म्हणाले होते.

मग मी त्या मुलीलाही विचारलं, "तुझी फुलपाखरं कुठे चालली आहेत गं?" तिला सांगता येईना. फुलपाखरं अ‍ॅपमध्ये तयारच होती. ती जरा हिरमुसली. पण दोन दिवसांनी स्वतःहून आली आणि म्हणाली, "बाई, मी बदल केलाय." आता एक फुलपाखरू मागे राहिलं होतं आणि बाकीची त्याच्यासाठी थांबत होती. अ‍ॅप तेच, मुलगी तीच. फरक एवढाच की ह्या वेळी तिला कुणीतरी विचारलं होतं. पहिल्या वेळी पैकीच्या पैकी गुण देऊन मी तिचंही नुकसानच केलं होतं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

फार काही लागत नाही. ह्यातल्या बऱ्याच फिल्म इंटरनेटवर बघायला मिळतात. एका तासिकेत 'कोशेच्का', कॅटमलचा हात आणि 'लक्सो ज्युनियर' ह्या तीन सहज होतात, शिवाय गप्पांना वेळ उरतो.

१. फिल्म दाखवण्याआधी सालं सांगू नका. आधी बघू द्या, मग विचारा, "ह्यातली जुनी कोणती? कशावरून?" मुलं फार बारीक निरीक्षणं सांगतात.

२. गणिताच्या तासाला हिशोब द्या. दोन मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, तर एकूण किती? २,८८०. एका फ्रेमला अर्धा तास धरला तर किती दिवस? रात्रंदिवस यंत्र चालवून ६० दिवस. हा आकडा फळ्यावर आला की मुलांच्या तोंडून "बापरे!" निघतं.

३. शाळेत स्मार्ट टीव्ही नसेल तर जुनी वही आहेच. दोनशे पानी वहीत शंभर कागद असतात. सेकंदाला दहा चित्रं धरली तर दहा सेकंदांची फिल्म होते. आणि दहा सेकंदांत गोष्ट बसते, हे आपण वर पाहिलंच. अट एकच, पात्र वस्तूच हवी: डबा, चप्पल, छत्री, काहीही. चेहरा काढायचा नाही. नुसत्या हालचालीतून तिला राग आलाय की आनंद झालाय ते कळलं पाहिजे.

४. भाषेच्या तासाला त्याच फिल्मची गोष्ट पाच वाक्यांत लिहायला द्या. संवाद नसलेली फिल्म असल्यामुळे प्रत्येकाची वाक्यं वेगळी येतात. मोठा दिवा आई की बाबा, ह्यावर तर माझ्या वर्गात जवळजवळ भांडणं झाली. एक मुलगी म्हणाली, "आजी आहे, म्हणून तर रागवत नाही."

५. आणि पालकहो, तुमच्यासाठी. मुलाने काहीही करून आणलं, चित्र, गोष्ट, मातीचा बैल, मोबाईलवरचा व्हिडिओ, तर पहिला प्रश्न त्यातल्या पात्राबद्दल विचारा. "हा कुठे चाललाय?" "हिला काय हवंय?" "मग पुढे काय झालं?" कसं केलं, कशाने केलं, हे नंतर विचारा. तेही विचारायचंच आहे, पण नंतर.

आपल्या नोंदवहीत नीटनेटकेपणाचा रकाना आहे, तो असू दे. मी यंदा माझ्या रजिस्टरमध्ये त्याच्या शेजारी पेन्सिलीने एक रकाना आखला आहे. त्यात गुण नाहीत. मुलाच्या कामाबद्दल मी विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेलं उत्तर मी तिथे लिहिते. बेचाळीस मुलांच्या वर्गात सगळ्यांचा रकाना अजून भरलेला नाही. पण ज्यांचा भरला आहे, त्यांच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला मला ह्या वेळी कुठलाही तयार नमुना बघावा लागला नाही.

तुम्हीही ह्या आठवड्यात एका तरी मुलाला हा प्रश्न विचारून बघा. उत्तर ऐकायला मात्र थोडा वेळ ठेवा.